कबनूरचा प्रश्न कोणत्या खात्याचा?

इचलकरंजी कोठे संपते आणि कबनूर कोठे सुरू होते, हे नवख्याला कळत नाही. मागांचा खडखडाट हद्द मानत नाही. २०११ च्या जनगणनेने कबनूरला ‘जनगणना नगर’ म्हटले. किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि कमावत्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर असले, तर हे नाव मिळते. कारभार मात्र तेव्हा ग्रामपंचायतीचाच होता. कामाने शहर, कागदावर गाव. अशा वस्तीचे प्रश्न कोणत्या एका शास्त्राच्या चौकटीत बसणार?

२०१२ मध्ये शेजारच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. विषाणू हा डॉक्टरांचा विषय, जलवाहिनी अभियंत्याचा. पण पाणी उकळायला लागणारे इंधन कोणाला परवडते, रात्रपाळीहून आलेल्या घरात ते कोण उकळते, सरकारी सूचनेवर कोणाचा विश्वास बसतो, हे प्रश्न अर्थशास्त्राचे, समाजशास्त्राचे आणि मानसशास्त्राचे आहेत. रोग एक; विद्यापीठातले विभाग मात्र पाच, आणि त्यांच्या भिंती जाड.

कर्जाचेही तसेच. खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचा हप्ता थकला की आम्ही बँकवाले मागांची संख्या, तारण आणि जामीनदार पाहत असू. व्यापाऱ्याने मजुरी अडकवली, सुताचे भाव फिरले की घरात लग्न निघाले, याला अर्जात रकाना नसे.

या भिंती पाडण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याच्याही आधी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे नी. वि. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली. १९४८ ते १९५२ या काळात तिचे तीन खंड निघाले. लोकसंख्या, उद्योग आणि कौटुंबिक जीवन या तिन्ही बाजू त्यांत एकत्र आल्या. डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरणाचा हिशेब एकर आणि मेगावॅटमध्ये होतो. उठलेल्या माणसाची भावकी, देव आणि शेजार कोठे गेला, हे विचारायला मानवशास्त्र लागते.

अलीकडे वर्तनाच्या अभ्यासाला मोठा मान आला आहे. उदयपूर जिल्ह्यातील खेड्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लसीकरणाचा प्रयोग केला. नुसती नियमित शिबिरे भरवली तेथे १८ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले. शिबिराबरोबर आयांना किलोभर डाळ दिली तेथे ३९ टक्के. काहीच न केलेल्या गावांत ते प्रमाण ६ टक्के होते. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळाले.

पण या आकड्यांतले एक वाक्य नीट वाचावे. डाळीच्या आधी शिबिर वेळेवर भरत होते. सोय नसेल तर सवयीला बोल लावण्यात अर्थ नाही. नळाला गढूळ पाणी सोडायचे आणि ‘उकळून प्या’ असे फलक लावायचे, यात वर्तनशास्त्र नाही. जबाबदारी गरिबाच्या चुलीवर ढकलणे आहे. संशोधकांनी हे भान सोडले, तर त्यांची विद्या कारभाऱ्यांची ढाल होईल.

दुसरी उणीव आपल्या घरची आहे. पाहणी करणारे वही घेऊन येतात, कमाई, कर्ज, आजारपण विचारतात आणि जातात. पुढे पदवी मिळते, इंग्रजी ग्रंथ निघतो, तो ग्रंथालयात राहतो. उत्तर देणाऱ्याला आपल्या उत्तराचे काय झाले ते कधी कळत नाही. सोवनींचे खंडही इंग्रजीतच आहेत.

म्हणून पुढच्या पाहणीला एक अट घालावी. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि वैद्यक यांच्या अभ्यासकांनी प्रश्नावली एकत्र बसून करावी. तिच्यातले निम्मे प्रश्न मागावर उभ्या राहणाऱ्यांनी आणि कांड्या भरणाऱ्या बायकांनी सुचवावेत. निष्कर्ष मराठीत लिहून आधी गावच्या चावडीवर वाचावेत, मग परिषदेत. चावडीवर जे खोडले जाईल, ते परिषदेत टिकले काय आणि न टिकले काय!