जवानाला ‘मला नको’ म्हणता येतं का?

कमरेला आणि पायांना यंत्राचा सांगाडा बांधलेला सैनिक पाठीवर भलंमोठं ओझं घेऊन डोंगर चढतोय, असे व्हिडिओ हल्ली ग्रुपवर सारखे येतात. खाली कमेंटही ठरलेली: ‘आपल्या जवानांना हे कधी मिळणार?’ मिळावं की, माझी काहीच हरकत नाही. पण त्याच्या पुढची जी पायरी आहे, म्हणजे गोळी, इंजेक्शन, शरीरात बसवायची यंत्रं, तिथे मला दोन प्रश्न पडतात. जवानाला ‘मला नको’ म्हणता येणार आहे का? आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याला त्रास सुरू झाला, तर जबाबदारी कोण घेणार?

हे आता सिनेमापुरतं राहिलेलं नाही. जवान झोपेशिवाय किती तास नीट काम करू शकेल, यावर अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने वीसेक वर्षांपूर्वीच पैसा लावला. डिसेंबर २०२० मध्ये फ्रान्सच्या लष्करी नीतिमत्ता समितीने सैनिकाची क्षमता वाढवण्याच्या संशोधनाला अटी घालून मान्यता दिली. तेव्हाच्या संरक्षणमंत्री फ्लोरन्स पार्ली यांनी सरळ भाषेत सांगितलं की आयर्न मॅनचं चिलखत चालेल, स्पायडर मॅनसारखा जनुकीय बदल नको.

मला ही रेघ पटते. कारण साधं आहे, चिलखत काढून ठेवता येतं. अमेरिकेने २०१३ मध्ये कमांडोंसाठी ‘टॅलॉस’ नावाच्या यांत्रिक सूटचं काम काढलं आणि २०१९ मध्ये पूर्ण सूटचा नाद सोडला. पैसा गेला, पण त्यात कुणा सैनिकाचं शरीर कायमचं बदललं नाही. गोळीचं तसं नसतं. ती एकदा पोटात गेली की गेली.

जर्मनीचंच बघा. १९३८ मध्ये तिथे ‘पर्विटिन’ नावाची गोळी बाजारात आली. आत काय, तर मेथॅम्फेटामाइन. झोप उडते, भूक मरते, अंगात बळ आल्यासारखं वाटतं. १९४० च्या एप्रिल ते जुलै या काळात, म्हणजे फ्रान्सवरच्या स्वारीच्या आसपास, जर्मन लष्कर आणि हवाई दलाला अशा साडेतीन कोटी गोळ्या पोचवल्या गेल्या. पण न झोपलेलं शरीर उधारी वसूल करतंच. पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, जर्मन सरकारला ही गोळी अफूच्या कायद्याखाली आणावी लागली. तरी सैन्यातला वापर काही थांबला नाही.

आता तुम्ही म्हणाल, ते हिटलरचं राज्य होतं. मग लोकशाही देशातलं घ्या. एप्रिल २००२ मध्ये कंदाहारजवळ कॅनडाचे सैनिक रात्री गोळीबाराचा सराव करत होते. वरून जाणाऱ्या अमेरिकन एफ-१६ च्या वैमानिकाला वाटलं, आपल्यावरच हल्ला होतोय. त्याने बॉम्ब टाकला. मित्रदेशाचे चार जवान ठार, आठ जखमी. पुढे वैमानिकांच्या वकिलांनी मुद्दा काढला की त्यांना जागं राहण्यासाठी डेक्सेड्रिन दिलं जात होतं. हवाई दलाने गोळीचा संबंध नाकारला आणि चौकशीत ठपका वैमानिकांवर आला. गोळीचा दोष किती हे मी इथे बसून ठरवणार नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो त्या प्रकरणात बाहेर आलेला संमतीचा फॉर्म. त्यात लिहिलं होतं की गोळी घेणं ऐच्छिक आहे. मात्र गरजेच्या वेळी नाकारलीत, तर तुम्हाला त्या मोहिमेसाठी अपात्र ठरवण्याचा अधिकार कमांडरला राहील.

याला काय ऐच्छिक म्हणायचं? ज्याचं प्रमोशन, पोस्टिंग, साधी रजासुद्धा वरच्या साहेबांच्या सहीवर आहे, तो कुठल्या तोंडाने ‘नको’ म्हणणार?

तिसरं उदाहरण १९९१ च्या आखाती युद्धाचं. विषारी वायूपासून बचाव म्हणून सुमारे अडीच लाख अमेरिकन सैनिकांना पिरिडोस्टिग्मिन ब्रोमाइडच्या गोळ्या दिल्या. ही ताकद वाढवणारी गोळी नव्हती, हेतूही चांगला होता. पण लढाईत प्रत्येकाची संमती घेणं शक्य नाही असं म्हणून डिसेंबर १९९० मध्येच संमतीचा नियम शिथिल केला होता. कोणी किती गोळ्या घेतल्या याची धड नोंदही ठेवली नाही. नंतर हजारो सैनिक अंगदुखी, थकवा, विसराळूपणा अशा तक्रारी घेऊन फिरत राहिले. २००८ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी, सरकारनेच नेमलेल्या समितीने सांगितलं की या आजाराचा संबंध त्या गोळ्या आणि कीटकनाशकांशी आहे. सतरा वर्षं!

आता आपल्याकडे येऊ. १९६२ च्या युद्धात मैदानी भागातले जवान थेट हिमालयात पाठवले गेले आणि विरळ हवेने कित्येकांच्या फुप्फुसांत पाणी झालं. त्यानंतर भारतीय लष्करी डॉक्टरांनी या आजाराचा कसून अभ्यास केला. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांचा १,९२५ जवानांवरचा १९६९ चा शोधनिबंध जगभर वाचला गेला. आज जवानाला ९,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० वर चार आणि १५,००० वर आणखी चार दिवस थांबवून, शरीराला सवय करूनच वर नेतात. ही पण क्षमता वाढवणंच आहे की! फक्त त्यात शरीराला फसवलेलं नाही, वेळ दिलाय.

आणि ज्यांना सियाचीनसाठी सुपर सोल्जर हवाय त्यांनी कॅगचा अहवाल जरूर वाचावा. फेब्रुवारी २०२० मध्ये तो संसदेत आला. अतिउंचावरच्या जवानांसाठी बुटांचा आणि बर्फातल्या गॉगलचा तुटवडा, आणि रेशनमध्ये पर्यायी पदार्थ दिल्यामुळे उष्मांकात ८२ टक्क्यांपर्यंत तूट, असं त्यात नोंदवलंय. हा हिशेब आधीच्या वर्षांचा होता, आता सुधारणा झालीय, असं लष्कराने सांगितलं. झाली असेल तर आनंदच आहे. पण आधी बूट, मग यंत्र, हा क्रम सुटायला नको.

‘चीन करतोय, मग आपण हात बांधून बसायचं का?’ नाही, संशोधन जरूर करा. पण तीन गोष्टी आधी कायद्यात लिहा. संमती युनिटच्या साहेबाने नाही, बाहेरच्या डॉक्टरने घ्यावी आणि नकाराची नोंद जवानाच्या रेकॉर्डला लागू नये. काय दिलं, किती दिलं, याचा कागद जवानाच्या हातात असावा. आणि त्यातून उद्भवणाऱ्या आजाराचा खर्च सरकारने आयुष्यभर करावा.

ही शेवटची अट २०२२ पासून जास्तच गरजेची झालीय. अग्निवीर चार वर्षांनी घरी येतो, शंभरातले पंचवीसपर्यंतच पुढे कायम होतात. बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकांची वैद्यकीय योजना नाही. नोकरी चार वर्षांची आणि औषधाचा परिणाम वीस वर्षांनी दिसला, तर सातारा-सांगलीकडचं ते पोरगं कुणाच्या दारात जाणार? आपल्या भागात पहाटे रस्त्यावर पळणारी भरतीची पोरं बघितली की मला हाच हिशेब आठवतो. देशासाठी जीव द्यायची तयारी त्यांची आहेच. म्हणून त्यांचं शरीर न विचारता प्रयोगाला मिळालं, असा अर्थ कुणी काढू नये.

आपल्यात माजी सैनिक बरेच आहेत. उंचावर ड्यूटी केलेल्यांनी, युनिट आणि ठिकाणाचं नाव न घेता, बूट, जेवण, औषधं याबद्दल खाली लिहा. या विषयात तुमचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त मोलाचं आहे.