कर्णा म्हणजे भोंगा नव्हे!

परवा भाच्याचा फोन. "मामा, घरात गणपतीच्या मांडवातला भोंगा कशाला हवाय तुम्हाला?" निमित्त काय, तर मी त्याला क्लिप्शहॉर्न या जुन्या स्पीकरचा फोटो पाठवला होता. फोनवर गप्प बसलो, पण इथे बसणार नाही!

मंडळी, कर्णा ओरडण्यासाठी असतो हाच मुळात गैरसमज. उघड्या पडद्याची बरीचशी मेहनत हवेत वाया जाते. तोच आवाज हळूहळू रुंदावणाऱ्या वाटेने नेला की मेहनत कामी येते. ओंजळ तोंडाशी धरून आपण बांधापलीकडच्या माणसाला हाक मारतो ना, तसंच. अडचण खर्जाची. ४० हर्ट्झची एक लाटच साडेआठ मीटर लांब! पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनियरने १९४६ साली बाजारात आणलेल्या या स्पीकरात कर्ण्याला लाकडी पेटीत घड्या घातल्या आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात सरकवली. पुढचा कर्णा म्हणजे खोलीच्याच भिंती आणि जमीन! एका वॉटला, एक मीटरवर, हा सुमारे १०४ डेसिबल देतो. साधा छोटा स्पीकर ८६ च्या आसपास. दर ३ डेसिबलला वीज दुप्पट, म्हणजे याचा १ वॉट तर त्याचे ६४. (मी भाषेचा मास्तर, पण एवढं गणित येतं.)

भाचा म्हणतो, आता वॉट स्वस्त झालेत. झालेत ना! १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांची छोटी बंद पेटी आली, तिचा खर्जही उत्तम होता, पुढे ट्रान्झिस्टर आले, आणि बाजाराने कर्णा अडगळीत टाकला. पण वॉट ओतले तरी छोट्या पडद्याला तेवढंच जोरात हलावं लागतं, आणि आवाज बिघडतो तो तिथेच. कर्ण्यामागचा पडदा जेमतेम हलतो. एका परिचितांकडे मी ऐकलंय. आवाज इतका हळू की शेजारी बसून बोलता येत होतं, तरी तबल्याची थाप थापेसारखी पडत होती, गाणारीचा श्वास कळत होता.

वाईट कर्णे नाकात बोलतात, कबूल. जुनं म्हणून कुठलाही पत्रा लाखांना घेणारे भक्तही मला पटत नाहीत.

जोडी लागते, म्हणजे दोन मोकळे कोपरे हवेत. आमच्याकडे एका कोपऱ्यात देव्हारा, दुसऱ्यात फ्रिज. देव हलणार नाहीत. फ्रिजबद्दल घरात बोलणी चालू आहेत.