'शिक्षणमहर्षी' कोणाला म्हणावे?

२२ सप्टेंबर जवळ आला की सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या प्रतिमेला हार पडतो, आणि पुष्कळदा त्याच व्यासपीठावर कोणा दीर्घकालीन अध्यक्षांना 'शिक्षणमहर्षी' म्हणून गौरवले जाते. हे साहचर्य आम्हांला आक्षेपार्ह वाटते.

भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि ९ मे १९५९ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, तिची धुरा वाहिली. केवळ वर्षेच मोजायची तर आजचे कितीतरी अध्यक्ष त्यांच्या पंगतीला बसतील. पण त्या वर्षांत झाले काय? साताऱ्याच्या वसतिगृहात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान मुले एकत्र जेवली. त्या जेवणापायी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेले. १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा गरिबाच्या मुलाला पैशांऐवजी श्रम देऊन पदवीपर्यंत जाता आले. 'कमवा आणि शिका' ही तेव्हा संस्थेची अर्थव्यवस्था होती. आज बहुतेक ठिकाणी ती अहवालातील एक परिच्छेद आहे.

भाऊरावांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक आज सांगली जिल्ह्यात येते. १९८३ साली मुख्यमंत्री म्हणून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून देणारे वसंतदादा पाटीलही सांगलीचेच. आपली मुले देणग्या भरून कर्नाटकात जातात, त्यांची सोय इथेच व्हावी, हा दादांचा युक्तिवाद खोटा नव्हता. (स्वतः दादांचे शालेय शिक्षण बेताचेच, त्यामुळे त्यांची तळमळ आम्ही कमी लेखत नाही.) तथापि १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला, यातच काय ते आले. आजच्या संस्थाचालकांची वंशावळ या दुसऱ्या प्रवाहातून येते. प्रतिमा मात्र पहिल्याची लावली जाते.

'इमारती पाहा, पसारा पाहा', असे आम्हांला सांगण्यात येते. पाहिल्या. त्या इमारतींत नेट-सेट झालेली माणसे तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवत आहेत, तेही पाहिले. शासन पदे भरू देत नाही हे खरे. परंतु शासनाशी दोन हात करण्याची भाऊरावांची परंपरा नेमकी इथेच का आठवत नाही?

आमची मागणी साधी आहे. जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेत सत्कारमूर्तींच्या परिचयाशेजारी तीन आकडे छापावेत: त्यांच्या कारकिर्दीत किती मुले विनाशुल्क शिकली, किती जण काम करून शिकले, आणि किती पदे आज तासिका तत्त्वावर चालतात. पत्रिकेत तेवढी जागा असते.