उसनी ठिणगी

मराठी ललित गद्यात अलीकडे एका नव्या दैवताची प्रतिष्ठापना झाली आहे : जुनी वस्तू. ग्रामोफोन झाला, फाउंटनपेन झाले, टाइपरायटर झाला. आता पाळी सिगारेट लायटरची आहे. एका चर्चासत्राच्या मधल्या सुट्टीत एका प्राध्यापक मित्राने आपला असाच एक लेख मला वाचून दाखवला. लेखात 'झिप्पो'च्या झाकणाचा तो खटका होता, पेट्रोलचा वास होता, देव आनंद होता आणि अर्थातच पावसातली एक संध्याकाळ होती. भाषा सफाईदार. ऐकून झाल्यावर मी एवढेच विचारले, की तुझ्या घरात लायटर कोणी वापरला? तो म्हणाला, "कोणीच नाही. वडील बिडी ओढायचे. पण बिडीवर काय लिहिणार?"

या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण आहे.

लायटरशी नाही. जुन्या लायटरचे आकर्षण खोटे आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने तो एकदा हाती घेऊन पाहावा. त्यात काहीही दडवलेले नसते. चाक दिसते, वात दिसते, तळाशी पेट्रोल पिऊन बसलेला कापूस उपसून पाहता येतो. बिघडला तर का बिघडला हे कळते. हाती असलेल्या यंत्राचे आतडेही ज्याला दिसत नाही अशा आजच्या माणसाला याची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच आहे. तक्रार आहे ती या ओढीचे जे वाङ्मय केले जाते त्याबद्दल. स्मरणरंजनाला निदान स्मरण तरी स्वतःचे लागते. इथे रंजन आपले आणि स्मरण दुसऱ्याचे, असा व्यवहार चालू आहे.

आणि दुसऱ्याचे स्मरणही धड नाही. या लेखांतून हमखास येणारे एक विधान असे, की आधी काडीपेटी आली आणि मग तिची सुधारित आवृत्ती म्हणून लायटर. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. येना विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ आणि कविश्रेष्ठ गटेचा स्नेही योहान डोबरायनर याने १८२३ साली जस्त आणि गंधकाम्लापासून हायड्रोजन काढून तो प्लॅटिनमवर सोडणारा दिवा बनवला; मेजावर ठेवायचे ते काचपात्र हाच पहिला लायटर. घासून पेटणारी काडी इंग्लंडमधल्या जॉन वॉकरने विक्रीस ठेवली ती १८२७ साली. म्हणजे लायटर हा काडीचा वंशज नव्हे. खिशात मावण्याजोगा आणि भरवशाचा व्हायला मात्र त्याला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली, कारण ठिणगी देणारा खडा नव्हता. तो ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने दिला. १९०३ साली त्याने पेटंट घेतलेला हा खडा दगड नाहीच. सिरियम आणि लोखंड यांचा तो मिश्रधातू आहे.

हे सिरियम आले कोठून? आउअरने त्याआधी गॅसबत्तीची जाळी शोधून काढली होती. त्या जाळीला थोरियम लागे, थोरियम मोनाझाइट वाळूतून निघे आणि मागे सिरियमसारख्या धातूंचा गाळ उरे. या गाळाचे काय करावे, या प्रश्नातून लायटरचा खडा जन्मला. पुढे १९०९ साली हीच वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाला सापडली आणि तिथून ती परदेशी जाऊ लागली. आमच्या झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या दंडारी आणि नाटके ज्या गॅसबत्त्यांच्या उजेडात झाली, त्यांच्या जाळीचा उरलासुरला गाळ म्हणजे साहेबाच्या खिशातली ठिणगी! ललित लेखकाला खरे तर याहून चांगला दुवा मिळणार नाही. पण त्यासाठी 'खटक्या'च्या पुढे जावे लागते.

झिप्पोचेही तेच. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड गावी जॉर्ज ब्लेझडेल याने १९३२ साली, एका बोजड ऑस्ट्रियन लायटरवरून कल्पना घेऊन, ही कंपनी काढली. सुरुवातीची किंमत १ डॉलर ९५ सेंट, दुरुस्तीची हमी तहहयात. तो जगभर गेला तो मात्र रसिकतेमुळे नव्हे, महायुद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात सगळे उत्पादन अमेरिकन सैन्याकडे वळवले गेले. पुढे व्हिएतनाममध्ये सैनिकांनी त्याच लायटरवर आपली निराशा कोरून घेतली आणि त्याच लायटरने खेड्यातली घरेही पेटवली गेली. कोरलेल्या त्या लायटरच्या नकला आजही संग्राहकांच्या गळ्यात मारल्या जातात. आमच्या लेखकांना यातले काही नको असते. त्यांना 'हम दोनो' (१९६१) मधली, लायटर उघडताच वाजणारी जयदेवांची धून पुरते. तीही गोड आहे, पण तोही लष्करी अधिकाऱ्यांचाच चित्रपट होता, हे निदान ध्यानात असावे.

आता बिडीकडे.

तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे बपेरा हे माझे आजोळ. हा सगळा भंडारा-गोंदियाचा पट्टा तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा. बिडीचा एक गुणधर्म लायटरभक्तांच्या गावी नसतो : ती विझते. सिगारेटचा कागद आपणहून जळत राहतो. तेंदूचे पान तसे जळत नाही. ओढणाऱ्याने दम घेतला, बोलण्यात गुंतला, की बिडी थंड. त्यामुळे बिडी ओढणाऱ्याला सिगारेटवाल्यापेक्षा किती तरी अधिक वेळा विस्तव लागतो. "इस्तो हाये का जी?" हा प्रश्न धुऱ्याच्या या बाजूचा माणूस त्या बाजूच्या माणसाला विचारी, आणि भावकीत बोलणे बंद असले तरी विस्तव नाकारला जात नसे. एकाची जळती बिडी दुसऱ्याच्या बिडीला टेकवताना दोन चेहरे किती जवळ येतात! मराठी कथेत हे दृश्य किती वेळा आले आहे, याचा शोध एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने जरूर घ्यावा.

माझ्या लहानपणी काडीपेटी घरोघरी होती, तरी आजा चकमक वापरी. चंचीत तंबाखूशेजारी लोखंडाचा एक वाकडा तुकडा, एक गारगोटी आणि छोट्या नळीत सावरीचा कापूस. गारगोटीच्या धारेशी कापूस अंगठ्याने दाबून धरायचा, लोखंड वरून मारायचे, ठिणगी कापसात पडली की फुंकर घालायची. पावसाळ्यात काडीचे गूल ओले होते, वाऱ्यात काडी विझते. कापसातला निखारा वाऱ्याने उलट फुलतो. म्हणजे हा हट्ट नव्हता, हिशेब होता. लायटरशेजारी ही चकमक ठेवून पाहिली तर दोन्हींत पोलाद, खडा आणि कापूस; झिप्पोची भोकाभोकांची चिमणी करते ते काम आजाचा तळहात करी. फरक एकच, आणि तो मोठा मौजेचा : चकमकीत गार लोखंडाला खरवडते आणि पेटतो तो लोखंडाचा कण, लायटरमध्ये पोलादी चाक खड्याला खरवडते आणि पेटतो तो खड्याचा कण.

शब्दाचे काय झाले तेही पाहा. 'चकमक' मुळात तुर्की, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. तुर्कस्तानात आजही दुकानात जाऊन 'चाकमाक' मागितले तर दुकानदार लायटरच काढून देतो. मी बी.ए.च्या वर्गात या शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितला : पोलीस आणि नक्षलवादी. चूक त्यांची नाही. वर्तमानपत्रात त्यांनी तोच वाचला. लक्षणा उरली, वस्तू गेली. साहित्याच्या अध्यापकाला याची टोचणी लागू नये?

कोणी म्हणेल, मग तुम्हीही तेच करता आहात. झिप्पोच्या जागी चकमक, एवढेच. आक्षेप रास्त आहे. आजा दम्याने खंगत गेला, त्याचे वर्णन करण्यात रंजन नाही. आजी सुपात पाने घेऊन बसे; हजारावर मजुरी, आणि सट्टेदाराने 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, पण घरी बसून वळणाऱ्या बाईपर्यंत तो पोचता पोचता बराच विझला. बिडीवर लिहायचे म्हणजे हे सगळे अंगावर घ्यावे लागते, आणि म्हणूनच लायटर सोयीचा. त्याला राब नाही, खोकला नाही, सट्टेदार नाही. माझ्या मित्राने 'बिडीवर काय लिहिणार' म्हटले ते विषय लहान म्हणून नव्हे, तो फार जवळचा म्हणून, असे मला आता वाटते. आमच्या वर्गातल्या कित्येक मुली उन्हाळ्यात पहाटे आईबरोबर तेंदूची पाने तोडून फळीवर पोचवतात आणि जूनमध्ये येऊन ललित गद्याच्या तासाला बसतात. तिथे त्यांना आपण कोणाच्या वस्तू दाखवणार आहोत?

हा लेख मनात घोळत असताना मीही मोहात पडलो, हे कबूल करतो. दिवाळीत बपेऱ्याला गेलो तेव्हा आजाची चकमक मागितली. गारगोटी आणि नळी केव्हाच हरवली होती. लोखंडाचा वाकडा तुकडा मात्र कोठ्याच्या दाराला ठोकलेला, साखळी अडकवायला. काढून देता का, म्हणून विचारले. मामाने दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मंग दार कायनं लावू?"