दारातला नळ आणि गावाचा नळ

शीळफाट्याच्या नव्या इमारतींत दारातूनच गार पाणी देणारा फ्रिज आता नवलाचा राहिलेला नाही. एखाद्या दिवशी कळ दाबूनही थेंब पडत नाही आणि लगेच कारागिराला बोलावणे जाते. बहुधा त्याची गरज नसते. कुलपाची कळ चुकून दाबली गेली आहे काय, दार नीट लागले आहे काय, हे प्रथम पाहावे. पाण्याची गाळणी साधारणतः सहा महिन्यांनी बदलावयाची असते. ती तुंबली की धार बारीक होते. दारातील नळी गोठली असेल तर वीज तोडून काही तास दार उघडे ठेवावे. यंत्र आपल्या मालकीचे आणि त्याचे ज्ञान मात्र परक्याच्या हाती, ही अवस्था स्वाभिमानी नागरिकाला शोभणारी नव्हे.

तथापि तपासणीची शेवटची पायरी घराबाहेर जाते. फ्रिजच्या मागील झडपेपर्यंत पाणी पुरेशा दाबाने पोचते काय? बारवी धरणाच्या जलवाहिन्या कल्याण-शीळ रस्त्यालगत जातात. त्या धरणासाठी मुरबाडच्या शेतकऱ्यांच्या व आदिवासींच्या जमिनी बुडाल्या. तरीही याच परिसरात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या आहेत. त्यांचा बिघाड कोणत्या पुस्तिकेत सापडणार?

मृणाल गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' म्हटले, कारण त्यांनी स्वयंपाकघरातील टंचाई रस्त्यावर आणली. गाळणी ज्याची त्याने बदलावी. नळातला दाब मात्र सर्वांनी मिळूनच वाढवावा लागतो.