ओवीची सोबत, औषधाची जोड
तिशीत वैधव्य आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी मनातले सल जात्यावर, शेतात काम करताना ओव्यांतून मोकळे केले. कला मन सावरते, हे आता संशोधनही सांगते: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालाने तीन हजारांहून अधिक अभ्यास तपासून तसे नोंदवले. चित्र काढून कर्ज फिटते का, हा आक्षेप रास्तच. फिटत नाही, आणि गंभीर आजारात औषधाला पर्यायही नाही. पण डॉक्टरांपुढे गप्प बसणाऱ्याशी कला-उपचारक चित्रावरून बोलू लागतो: घर एवढे कोपऱ्यात का, दार कुठे आहे? जळगाव-धुळ्याच्या सरकारी रुग्णालयांत असा प्रशिक्षित, अहिराणी जाणणारा माणूस नेमायलाच हवा.