वावरात बसलेली मेंढरं

हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत माण, खटाव, फलटणकडच्या धनगरांची बिऱ्हाडं घोड्यांवर चढलेली असतील. पाऊस सरला की त्यातले कितीतरी कळप घाट उतरून कोकणात जातात, मृगाच्या आधी परत वर येतात. यंदाच्या अंकाचा विषय माती ठरला, तेव्हा आम्हाला आधी आठवली ती ही मेंढरं.

भात कापून झालं की संध्याकाळी खाचरात वाघर लावायची आणि मेंढरं आत घ्यायची. रात्रभर लेंड्या, मूत तिथंच पडतं, खुरांखाली मातीत दाबलं जातं. खत वाहायला गाडी नको, विस्कटायला मजूर नको. दुसऱ्या रात्री वाघर शेजारच्या तुकड्यात. मेंढरं बसवणं म्हणतात ते हेच. लेंडी सावकाश कुजते, म्हणून तिचा गुण पुढच्या पिकातही दिसतो. मोबदला पूर्वी धान्यात मिळे, आता बहुधा रोख. जमिनीला कस, कळपाला चारा. उपकार कुणाचाच कुणावर नाही.

मग देशावर विहिरी-बोअरचं पाणी आलं, वावर मोकळं राहीना. चराऊ रानं कुंपणाआड गेली. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण बाकीचा भार सरकार उचलतं. लेंडीखताच्या डोक्यावर असलं छत्र नाही. शेतकऱ्यानं गोणी उचलली, तर त्याचा हिशेब चुकला असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागली. तिच्यात सेंद्रिय कर्बापुढे ‘कमी’ असा शेरा किती जणांनी वाचला असेल! युरिया नत्र देतो. कर्ब येतो तो शेणा-लेंडीतून, पालापाचोळ्यातून, जमिनीत राहिलेल्या मुळांतून. आणि आपण अजून उसाचं पाचट पेटवतो.

जुन्याचे गोडवे गायला संपादकाचं काय जातं? बिऱ्हाडामागे चालताना शाळा सुटते ती धनगराच्या पोरांची. वाटेवर मेंढरांना लस, चराईची रीतसर परवानगी, मुलांच्या शिक्षणाची सोय, एवढं तरी मातीच्या योजनांत धरायला हवं. नाहीतर तरुण धनगर कळप विकून शहरात नोकरी धरेल, आणि आपण चढ्या भावाचा सेंद्रिय तांदूळ पाकिटावरची जाहिरात वाचत विकत घेऊ.